रिमोटची किल्ली बिघडली, सेंटर म्हणतं पूर्ण संच बदला. दुरुस्ती होते का?

वाटसरू_पुणे · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक आहे. दुमडणारी किल्ली, म्हणजे बटण दाबलं की पातं बाहेर येतं ती. स्टार्टचं बटण नाही, किल्ली फिरवूनच गाडी चालू करायची.

काल बाबांना घेऊन चिपळूणला मावशीकडे निघालो होतो. पाटणला चहाला थांबलो. पाऊस असा की टपरीच्या पत्र्यावर एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. परत गाडीशी आलो तर अनलॉकचं बटण मेलेलं. दहा वेळा दाबलं, काही नाही. शेवटी पातं घालून दार उघडलं, तर हॉर्न ठणाणा सुरू झाला. किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवर किल्लीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकायला लागला. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन काही पेट घेईना. बाबा ७६ वर्षांचे, गुडघ्यापर्यंत भिजलेले, टपरीच्या बाकावर बसून माझ्याकडे बघतायत. वीस मिनिटं असंच चाललं आणि मग एकदा किल्ली फिरवल्यावर गाडी सुरळीत चालू झाली. का झाली, माहीत नाही. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण येईपर्यंत इंजिन बंद करायची माझी हिंमत झाली नाही.

आज कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी किल्ली हातात घेतली, दोनदा दाबून बघितली आणि सांगितलं की रिमोट गेलाय, पूर्ण संच बदलावा लागेल, ११,८०० रुपये आणि तीन आठवडे. किल्ली उघडून कुणी पाहिलीसुद्धा नाही. दुसरी किल्ली २०१९मध्ये घर बदलताना हरवली, तेव्हा हीच एक आहे.

पैसे भरायची वेळ आली तर भरेन. पण आधी नेमकं काय बिघडलंय ते कळायला हवं. कुणाला अनुभव आहे का?

तिसरा_गिअर · सोमवार, रात्री १०:०५

आधी सेल बदला. नऊजणांपैकी आठजणांचं काम तिथेच होतं. तुमच्या प्रकारच्या किल्लीत बहुतेक सीआर२०३२ असतो, पण उघडून जुन्या सेलवरचा आकडा वाचूनच नवा घ्या. पहिले दोन आकडे म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये, पुढचे दोन म्हणजे जाडी: २० मिमी रुंद, ३.२ मिमी जाड. दुकानदार ‘२०२५ पण चालतो’ म्हणतो तेव्हा तो ०.७ मिमीने पातळ सेल देत असतो. मग तो पत्र्याच्या पट्टीला कधी टेकतो, कधी नाही.

रानभेंडी · सोमवार, रात्री १०:३१

सेल बदलताना प्रोग्रॅमिंग पुसलं जाईल अशी भीती बाळगू नका. कोड चिपमध्ये कायमचा लिहिलेला असतो, सेल काढला म्हणून तो जात नाही. काही जुन्या गाड्यांना सेल बदलल्यावर किल्ली ऑन-ऑफ करून पुन्हा ओळख करून द्यावी लागते. ती कृती गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असते.

आणि घरात लहान मूल असेल तर जुना सेल टेबलावर ठेवू नका, ही कळकळीची विनंती. हा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. चिकटपट्टीत गुंडाळून लगेच लांब ठेवा.

वाटसरू_पुणे · मंगळवार, सकाळी ८:५०

सेल बदलला. सीआर२०३२च निघाला. नव्याचं व्होल्टेज मीटरवर ३.२१. लॉकचं बटण चालतंय, अनलॉक नाही. गाडी काल संध्याकाळी पहिल्या फटक्यात चालू झाली, आज सकाळी चौथ्यांदा. लाल दिवा तसाच लुकलुकतो.

सोल्डरची_तार · मंगळवार, सकाळी ९:३०

वाटसरू, तुमच्या शेवटच्या ओळीतच अर्धं उत्तर आहे.

मी इचलकरंजीत पंधरा वर्षं मोबाइल आणि रिमोट दुरुस्त करतोय. बहुतेक लोक किल्लीला एक वस्तू समजतात. तुमच्या कव्हरमध्ये दोन वेगळी यंत्रं आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पहिलं यंत्र रिमोट. त्याला सेल लागतो. बटण दाबलं की ४३३.९२ मेगाहर्ट्झवर रेडिओ संदेश जातो आणि दारं उघडतात. त्याचं काम तेवढंच.

दुसरं यंत्र इमोबिलायझरची चिप. तिला सेल लागतच नाही. किल्ली जिथे घालता त्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं. किल्ली फिरवली की त्या कड्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचा प्रवाह जातो, त्याच चुंबकीय क्षेत्रातून चिपला वीज मिळते आणि ती आपला कोड सांगते. कोड जुळला तर संगणक पेट्रोल आणि ठिणगी सोडतो. नाही जुळला तर स्टार्टर फिरतो, इंजिन पेटत नाही आणि लाल दिवा लुकलुकतो.

म्हणजे दार न उघडणं हा रिमोटचा आजार आणि गाडी न पेटणं हा चिपचा. सेल बदलून दुसरा आजार बरा होणं शक्यच नव्हतं. तुमच्या किल्लीला दोन्ही एकदम झालेत, आणि दोन आजार एकाच महिन्यात आले की मला एकच प्रश्न पडतो: किल्ली कुणी उघडली होती का? पडली होती? कव्हर बदललंय?

पंचगंगा · मंगळवार, सकाळी ११:१५

मीटरवरच्या ३.२१ वर फार विसंबू नका. भार न लावता मोजलं की म्हातारा सेलही तीनच्या आसपास दाखवतो. शंभर ओहमचा रेझिस्टर क्षणभर सेलला लावा आणि तेव्हाचा आकडा बघा. ताजा सेल २.७–२.८ला थांबतो, संपत आलेला दोनच्या खाली आपटतो. टीव्हीचा रिमोट आपण मोबाइलच्या कॅमेऱ्यात तपासतो, तसंच हिचं करून पाहिलं असेल तर त्याचा उपयोग नाही. तो प्रकाश असतो, हा रेडिओ. बऱ्याच चावीवाल्यांकडे फ्रिक्वेन्सी मोजायची छोटी डबी असते, तिच्यासमोर बटण दाबलं की आकडा येतो.

तुमचं लॉकचं बटण चालतंय म्हणजे सेल, अँटेना, क्रिस्टल सगळं ठीक आहे. बिघाड फक्त एका बटणाचा.

माण्डवीकाठ · मंगळवार, दुपारी १:०२

नवा सेल जास्त महागातला, मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू लेप दिलेला घेतलाय का? तो लेप काही उपकरणांत पत्र्याच्या टोकाला नीट टेकू देत नाही. माझ्या भावाच्या किल्लीत नवाकोरा सेल घालूनही काही होत नव्हतं. सुती कापडावर थोडं स्पिरिट घेऊन कड पुसली तेव्हा चालली.

वाटसरू_पुणे · मंगळवार, रात्री ८:२०

सेल साधाच आहे, लेप नाही. पंचगंगा, रेझिस्टर लावून २.७६ आला.

सोल्डरची_तार, हो! कव्हर बदललं होतं. एप्रिलमध्ये जुन्या किल्लीचं रबरी बटण फाटलं, तेव्हा एका दुकानात ३५० रुपयांत नवं कव्हर टाकून घेतलं. दहा मिनिटांत काम झालं. त्यानंतर दोन महिने सगळं ठीक होतं, म्हणून लिहायचं सुचलं नाही.

सोल्डरची_तार · मंगळवार, रात्री ८:४५

मग उत्तर बहुधा सापडलं. आता नीट वाचा आणि घाई करू नका.

बऱ्याच किल्ल्यांत ती चिप सर्किटवर नसते, कव्हरच्या प्लॅस्टिकमध्ये खाचेत बसवलेली असते. साधारण १२ मिमी लांब, ६ रुंद, ३ जाड, शेंगदाण्याच्या अर्ध्या पाकळीएवढी काळी वडी. काही गाड्यांत काचेची बारीक नळी असते, तांदळाच्या दाण्याएवढी. कव्हर बदलणाऱ्याने ती जुन्या कव्हरमधून अलगद काढून नव्यात तशाच जागी बसवायची असते. नवं कव्हर स्वस्तातलं असेल तर त्यात ती खाच नीट नसते. मग माणूस ग्लू-गनचा थेंब टाकतो आणि चिकटवतो. गाडी पुण्याच्या उन्हात दिवसभर उभी राहिली की काचेमागे तो गोंद मऊ होतो. चिप सुटते, कव्हरमध्ये इकडेतिकडे सरकते. पात्याच्या बाजूला आली की कड्याच्या टप्प्यात, गाडी चालू. मागच्या टोकाला गेली की टप्प्याबाहेर, गाडी बंद. पाटणला तुम्ही वीस मिनिटं किल्ली झटकत होतात, कधीतरी ती पुढे सरकली असणार.

कानाजवळ धरून हलवा. आवाज येतो का?

आणि एक. जुनं कव्हर फेकलं नसेल तर जपून ठेवा. अर्ध्या लोकांनी चिपसकट जुनं कव्हर कचऱ्यात टाकलेलं मी पाहिलंय. तुमच्या बाबतीत तसं नाही, कारण गाडी अधूनमधून चालू होतेय.

वाटसरू_पुणे · मंगळवार, रात्री ९:०५

येतो आवाज. टिक, टिक. दोन महिने हा आवाज ऐकतोय, पात्याच्या स्प्रिंगचा असेल असं वाटायचं.

रानभेंडी · मंगळवार, रात्री ९:२२

अंगावर काटा आला वाचून. घाटात बाबांसोबत अडकला असतात तर? आता उघडा आणि फोटो टाका.

वऱ्हाडी_वाट · मंगळवार, रात्री १०:१०

उघडण्याआधी एक सोपी तपासणी सुचवतो, कारण मी यातच फसलो होतो. किल्लीच्या रिंगमध्ये सोसायटीच्या गेटचा निळा गोल टॅग आहे का? असे बरेच टॅग पण १२५ किलोहर्ट्झचेच असतात. कुलपाजवळ दोघे एकदम बोलायला लागले की गाडीला नीट ऐकू येत नाही. दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी त्याच रिंगमध्ये असली तरी तेच. अमरावतीला असताना माझी गाडी दर तीन दिवसांनी रुसायची. टॅग वेगळ्या रिंगमध्ये घातला, त्याला आता चार वर्षं झाली, पुन्हा त्रास नाही.

वाटसरू_पुणे · बुधवार, सकाळी ७:३०

टॅग आहे! काढून पाहिला, फरक नाही. पण आता वेगळाच ठेवणार.

रात्री जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पांढरा टॉवेल पसरून किल्ली उघडली. चिप सापडली. काळी वडी, तिच्या एका बाजूला पिवळट गोंदाचा सुकलेला तुकडा. सर्किटच्या मागे, सेलच्या बाजूला जाऊन बसली होती, म्हणजे पात्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात. चिमट्याने उचलून पात्याच्या बुडाशी ठेवली, कागदाचा तुकडा दाबून कव्हर बंद केलं आणि खाली जाऊन किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात. बंद करून पुन्हा. बारा वेळा केलं, बाराही वेळा.

बाबा बाल्कनीतून बघत होते. वर आलो तर त्यांनी चहा टाकला होता.

सोल्डरची_तार · बुधवार, सकाळी ८:०५

फार बरं वाटलं. आता ती ग्लू-गनने चिकटवू नका. न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत नाही ते, दोन थेंब पुरे. आंबट वासाचं घेऊ नका, त्याचं आम्ल तांब्याला खातं. एक रात्र सुकू द्या. इन्स्टंट ग्लूपण नको. त्याची वाफ बाजूच्या बटणात शिरून पांढरी पूड धरते आणि चांगलं बटणही जातं.

आता अनलॉकचं बटण. सर्किटवर बटणाच्या खाली छोटा चौकोनी टॅक्ट स्विच, म्हणजे दाबल्यावर टिक वाजणारा स्विच, असेल. मीटर बीपवर ठेवून त्याच्या दोन टोकांना लावा आणि दाबा. चांगला स्विच दाबल्यावर एका ओहमच्याही खाली जातो. झिजलेला शंभर-दोनशे दाखवतो किंवा दरवेळी वेगळा आकडा. शिवाय स्विचला बाजूने हळूच नखाने ढकलून पाहा. हलला तर स्विच चांगला आहे, सोल्डर सुटलाय.

पंचगंगा · बुधवार, सकाळी ९:४०

कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण चालतं, हे खरं. पण दोन आठवड्यांत परत तेच. अनलॉक आपण सगळ्यांत जास्त दाबतो, त्यामुळे तोच आधी झिजतो. स्विच दोन-पाच रुपयांचा, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल. फक्त जुना सोबत न्या. लांबी, रुंदी आणि बटणाची उंची तिन्ही जुळायला हवं. उंची अर्धा मिलिमीटर जास्त झाली तर कव्हर बंद केल्यावर बटण कायम दाबलेलं राहतं आणि सेल दोन दिवसांत संपतो.

माण्डवीकाठ · बुधवार, दुपारी १२:२०

किल्ल्यांचा विषय निघालाच आहे तर पाण्याचंही लिहितो. आमच्याकडे गोव्यात दर सुट्टीत हेच. पर्यटक चड्डीच्या खिशात किल्ली ठेवून समुद्रात उतरतात.

खाऱ्या पाण्यात पडली तर पहिल्या मिनिटात सेल काढा. सेल आत असताना मीठाच्या पाण्यातून वीज वाहते आणि सर्किटवरचे तांब्याचे बारीक मार्ग अक्षरशः विरघळतात. हिरवी बुरशी दिसते ती त्याचीच. सेल काढला की साध्या स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा. हो, पाण्यानेच, मीठ निघायला हवं. मिळालं तर शेवटी डिस्टिल्ड. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ टूथब्रश. सावलीत एक दिवस. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याने मीठ निघत नाही आणि पीठ आत जातं. आमच्या वर्कशॉपमध्ये अशा वाचलेल्या किल्ल्या कितीतरी आहेत, आणि ‘उद्या बघू’ म्हणून सेलसकट ठेवलेल्या एकही वाचलेली नाही.

नेकारकाठ · बुधवार, दुपारी ४:१५

स्टुटगार्टहून. बारा वर्षं इथे वाहन-इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, म्हणून थोडं मागचं सांगतो.

युरोपात ऑक्टोबर १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. तेव्हापासून नुसतं पातं कापून गाडी चालू होत नाही. भारतातही आपल्या कितीतरी गाड्यांवर तेच तंत्र आहे. मारुतीच्या काचेवर ‘आयकॅट्स’चा स्टिकर दिसतो तो हाच.

रिमोटबद्दल एक गोष्ट. दरवेळी बटण दाबल्यावर तोच कोड जात नाही, पुढचा जातो. कीलॉक नावाची पद्धत दक्षिण आफ्रिकेत तयार झाली, १९९५मध्ये मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली. तिच्यात गाडी पुढचे १६ कोड स्वीकारायला तयार असते. घरात नातवंडाच्या हाती किल्ली लागली आणि त्याने पन्नास वेळा दाबलं तर किल्ली पुढे निघून जाते, गाडी मागे राहते. अशा वेळी गाडीजवळ उभं राहून बटण सलग दोनदा दाबलं तर ती पुन्हा जुळते. इतर पद्धतींत आकडे वेगळे, पण तत्त्व तेच. किल्ली एकाएकी ‘मेली’ तर आधी हे करून बघा. ही पद्धत काही अभेद्य नाही. बोखुमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८मध्ये ती फोडून दाखवली.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांसाठी: सेल संपला तरी घाबरू नका. किल्लीच्या कडेला छोटी खिटी असते, ती सरकवली की आतून पातं निघतं, दार उघडतं. मग किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबा. काही गाड्यांत कप ठेवायच्या जागी किंवा मधल्या खणात खूण असते. तिथेही चिप सेलशिवाय बोलते. पुस्तिकेत ते पान आधीच शोधून ठेवा, रात्री पावसात शोधायला लागू नये.

तिसरा_गिअर · बुधवार, संध्याकाळी ६:००

नेकारकाठ, उत्तम माहिती. एक विचारतो. माझी बटणवाली किल्ली दर चार महिन्यांनी सेल खाते. का?

नेकारकाठ · बुधवार, संध्याकाळी ६:४०

किल्ली घरात कुठे ठेवता? पार्किंग दाराला लागून असेल आणि किल्ली भिंतीच्या या बाजूला टांगलेली असेल तर काही गाड्यांत ती आणि गाडी रात्रभर एकमेकांना शोधत राहतात. दोघांचेही सेल झिजतात. टीव्ही, वायरलेस चार्जर, लॅपटॉप यांच्याशेजारी ठेवली तरी तेच. आतल्या खोलीत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा. चोरांच्या रिले हल्ल्यापासूनही तेवढंच संरक्षण. दोन माणसं, एकाकडे दारापाशी अँटेना आणि दुसऱ्याकडे गाडीपाशी, आणि घरातली किल्ली गाडीला ‘जवळ’ वाटते. इथला एडीएसी हा वाहनधारकांचा संघ कित्येक वर्षं गाड्यांवर ही चाचणी घेतोय आणि बऱ्याच गाड्या उघडतात.

तिसरा_गिअर · बुधवार, रात्री ९:१५

किल्ली शू-रॅकवर असते, गाडी भिंतीच्या पलीकडे तीन फुटांवर. आजपासून डबा.

वाटसरू_पुणे · शनिवार, दुपारी ३:३०

आज बुधवार पेठेत गेलो. एक म्हातारे कारागीर, डोळ्यावर भिंग बांधून बसलेले. त्यांनी सर्किट दिव्याखाली धरलं आणि मला बोलावून दाखवलं: स्विचच्या चार पायांपैकी दोन पायांभोवती केसासारखी बारीक गोल चीर. ‘हे बघा, सोल्डरचा डाग सुटलाय. कव्हर घालताना कुणीतरी जोरात दाबलंय.’ माझ्या डोळ्यांना भिंगाशिवाय ते दिसलंच नसतं. स्विच हलवला तर खरंच हलत होता.

त्यांनी नवाच स्विच घातला, म्हणाले जुना परत जोडला तर तुम्ही सहा महिन्यांनी याल. बारीक टोकाची सोल्डरिंगची इस्त्री, थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावतात तो), चार ठिपके, आणि तेवढ्यात झालं. गरम हवेची मशीन शेजारीच होती, ती वापरली नाही. स्विचचं प्लॅस्टिक वितळतं म्हणाले. मग अल्कोहोलने फ्लक्स पुसला, सेलच्या पट्ट्या चिमट्याने किंचित वर उचलल्या. १५० रुपये. मी २०० देत होतो, त्यांनी पन्नासची नोट परत केली.

चिप घरी सिलिकॉनने बसवली होती, ती बघून म्हणाले, बरोबर बसवलीत.

आता अनलॉक चालतं, गाडी चालू होते. पण ही एकच किल्ली आहे ही गोष्ट मला झोपू देत नाहीये. दुसरी करायची तर कुठे? चावीवाल्याकडे की सेंटरला?

वऱ्हाडी_वाट · शनिवार, संध्याकाळी ५:१०

आजच करा. हात जोडून सांगतो.

माझ्या आतेभावाची एकुलती एक चावी चंद्रपूरजवळ शेतात पडली. मग गाडी क्रेनवर, सेंटरला कोड मागवणं, सगळ्या चाव्या नव्याने नोंदवणं. वीस हजारांच्या वर गेलं आणि गाडी सतरा दिवस उभी. चालू चावी हातात असताना दुसरी नोंदवणं सोपं असतं. एकही नसली की काम कितीतरी पटीने वाढतं.

आणि विम्याचं लक्षात घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्यासोबत दोन्ही मूळ चाव्या मागते. एक नसेल तर प्रश्नांची सरबत्ती होते. तुमची २०१९मध्ये हरवलेली चावी पोलिसांत नोंदवली नसेल तर आता तरी हरवल्याची नोंद करून पावती फायलीत लावा. ती ऑनलाइनही होते.

सोल्डरची_तार · शनिवार, संध्याकाळी ५:४५

दोन रस्ते आहेत, दोन्ही समजून घ्या.

चावीवाला बहुतेक वेळा क्लोन करतो. तुमच्या चिपची हुबेहूब नक्कल नव्या चिपवर उतरवतो. गाडीला दोन्ही किल्ल्या एकच वाटतात. पंधरा मिनिटांत होतं, स्वस्त पडतं, गाडीच्या संगणकाला हात लागत नाही. उणीव ही, की उद्या एक हरवली तर ती एकटी रद्द करता येत नाही.

दुसरा रस्ता नोंदणीचा. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी सॉकेट (गाडीच्या संगणकाला मशीन जोडायची जागा) असतो, तिथे मशीन लावून नवी चिप गाडीच्या यादीत घालायची. त्याच वेळी जुनी, हरवलेली किल्ली यादीतून काढता येते. तुमच्यासाठी हाच योग्य. २०१९ची किल्ली कुणाच्या हाती आहे कुणास ठाऊक, आणि ती आजही तुमची गाडी चालू करू शकते. घर बदलताना हरवली म्हणजे ज्याला सापडली त्याला पत्ताही माहीत असण्याची शक्यता.

सेंटरला जाताना आरसी, ओळखपत्र आणि गाडी घेताना मिळालेला किल्लीच्या नंबरचा छोटा पत्र्याचा बिल्ला न्या. तो असला तर पातं नंबरावरून कापतात, झिजलेल्या पात्याची नक्कल करावी लागत नाही. ‘पूर्ण संच’ म्हणजे कुलपांसकट, तो तुम्हाला नकोच. लेखी विचारा: एक किल्ली आणि नोंदणी, जुन्या रद्द करून, किती?

रानभेंडी · शनिवार, रात्री ८:००

तो बिल्ला आमच्याकडे सहा वर्षं किल्लीच्या रिंगमध्येच लटकत होता! म्हणजे किल्ली हरवली तर नंबरही सोबत गेला असता. आत्ता काढून कपाटात ठेवला.

वाटसरू_पुणे · पुढचा गुरुवार, रात्री ९:२०

काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

बिल्ला बाबांच्या फायलीत सापडला. आरसीच्या जुन्या झेरॉक्सला टाचणीने लावलेला, वर त्यांच्या अक्षरात ‘गाडी किल्ली नं., जपणे’. सेंटरच्या दुसऱ्या शाखेत गेलो आणि सोल्डरची_तार यांनी लिहिलं होतं तसंच विचारलं. एक किल्ली, पातं, नोंदणी मिळून ४,६०० सांगितले. पाच दिवसांत आली. नोंदणीच्या वेळी मी शेजारी बसलो. मुलाने मशीन लावलं, यादीत दोन किल्ल्या दिसल्या: एक माझ्या हातातली, एक २०१९ची. त्याने सगळं पुसलं आणि हातातल्या दोन नव्याने घातल्या. दोन्हीने गाडी चालू करून दाखवली. मग दोन्हीचं लॉक-अनलॉक दहा पावलांवरून.

हिशोब: सेल ६०, सिलिकॉन ९०, कारागीर १५०, नवी किल्ली ४,६००. एकूण ४,९००. संच घेतला असता तर ११,८००.

हरवल्याची नोंदही केली, पावती फायलीत आहे.

उद्या पहाटे बाबांना घेऊन पुन्हा चिपळूणला निघतोय, मावशीचा मुक्काम अर्धवट राहिला होता. बाबांनी विचारलं, दुसरी किल्ली कुठे ठेवणार? मी म्हटलं घरी कपाटात. ते म्हणाले, घाटात अडकलो तर घरच्या कपाटाचा काय उपयोग? आता ती त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात आहे, वरून सेफ्टी पिन लावलेली.

सोल्डरची_तार · गुरुवार, रात्री ९:५०

बाबांना नमस्कार सांगा. आणि पाटणला पुन्हा चहाला थांबलात तर गाडी बंद करून थांबा.

वाटसरू_पुणे · शुक्रवार, सकाळी १०:१०

पाटण. चहा घेतला, पाऊस तसाच आहे. गाडी बंद केली होती. परत येताना बाबांनी खिशातली किल्ली काढून स्वतः बटण दाबलं. उघडली.